अठरा मिनिटांनी सूर्य

(दृश्य: हरिश्चंद्रगड, कोकणकडा. कातळावर बुटका ट्रायपॉड. टिकटिक ऐकू येते.)

हा आवाज घड्याळाचा नाही. स्वयंपाकघरातला किल्लीचा टायमर आहे. अंडी उकडायला लावतात ना, तोच. बुडाला एमसीलनं पाव इंची नट बसवलाय, म्हणजे ट्रायपॉडचा स्क्रू त्यात जातो. वर मोबाइलचा क्लॅम्प. मोबाइल हळूहळू वळत फोटो घेतो आणि त्यांचा टाइमलॅप्स, म्हणजे भरभर पळणारा व्हिडिओ होतो, त्यासाठी एवढीच यंत्रणा. जड कॅमेरा मात्र याला पेलत नाही.

टायमरची तबकडी ६० मिनिटांत एक फेरी मारते, म्हणजे मिनिटाला ६ अंश. दर ५ सेकंदांनी एक फोटो घेतला, की दोन फोटोंमध्ये फक्त अर्ध्या अंशाचा फरक पडतो. व्हिडिओ सलग दिसतो तो त्यामुळेच.

अवघड आहे ती मावळत्या सूर्याशी गाठ घालणं. किल्ली उजवीकडे पिळायची, सुटताना तबकडी डावीकडे फिरते. म्हणजे उत्तरेकडून पश्चिमेकडे आणि तिथून दक्षिणेकडे. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य इथे नेमका पश्चिमेला बुडत नाही, साधारण १८ अंश दक्षिणेला सरकलेला असतो. उत्तरेपासून तिथवर झाले १०८ अंश. भागिले ६, १८ मिनिटं. तेव्हा मावळायच्या १८ मिनिटं आधी मोबाइलचं तोंड उत्तरेला हवं. पहिल्या खेपेला मी हे गणित केलंच नव्हतं. सूर्य कोकणात उतरला तेव्हा मोबाइल आमचा तंबू टिपत होता.

(दृश्य: फोटो भरभर पुढे सरकतात. कड्याची आत वळलेली कड, खाली ढग.)

एक्स्पोजर आणि फोकस, दोन्ही लॉक. नाहीतर प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा येतो आणि व्हिडिओ लुकलुकतो. लॉक करायचं ते सूर्याशेजारच्या आकाशावर. कडा काळाकुट्ट येतो, येऊ दे. कातळावर लॉक केलंत तर सूर्य आल्यावर सगळं पांढरंफटक.

चांदण्यांचा नाद मात्र या टायमरवर करू नये. आकाश तासाला १५ अंश सरकतं, हा ३६०. वीस सेकंद शटर उघडं ठेवलं, तर तेवढ्यात मोबाइल २ अंश वळलेला असतो. चांदणीची रेघ होते.

पूर्ण फेरीही घेत नाही मी. पूर्वेला तोंड होईपर्यंत अंधार पडलेला असतो. अर्धी फेरी, ३६० फोटो, सेकंदाला २५ फोटो धरले तर साधारण साडेचौदा सेकंदांचा व्हिडिओ.

(दृश्य: दक्षिणेकडचं जांभळं आकाश. टायमरची घंटी घणघणते. शेवटची चौकट हलते.)

शेजारच्या तंबूतून कुणीतरी ओरडतं, "काका, भात झाला वाटतं!"