विंचुर्णीचा दर्यावर्दी

(दृश्य: फलटणजवळचं माळरान. वाऱ्यावर डुलणारं गवत. दूरवर पाण्याचा कुठेही मागमूस नाही.)

सातारा जिल्ह्यातल्या फलटण तालुक्यात विंचुर्णी नावाचं एक लहानसं गाव आहे. दुष्काळी पट्टा. समुद्र इथून फार लांब, सह्याद्रीच्या पार पलीकडे. पांढरीशुभ्र, छातीवर रुळणारी दाढी असलेले एक निवृत्त व्हाइस अ‍ॅडमिरल या गावात राहत होते. जगाचा नकाशा समोर धरून ते एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारत राहिले. एकट्यानं, शिडाच्या नौकेतून पृथ्वीला वळसा घालणारा भारतीय अजून का नाही?

हे मनोहर प्रल्हाद आवटी.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

जन्म 7 सप्टेंबर 1927, सुरतचा. 1945 मध्ये ते त्या वेळच्या रॉयल इंडियन नेव्हीत दाखल झाले. इंग्लंडमध्ये प्रशिक्षण घेतलं, संदेशवहनात प्रावीण्य मिळवलं आणि प्रजासत्ताक भारताच्या नौदलात एकेक पायरी चढत गेले. रणजित, बेतवा, तीर, म्हैसूर अशा अनेक युद्धनौकांचं नेतृत्व त्यांनी केलं. पण त्यांचा खरा कस लागला तो डिसेंबर 1971 च्या पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात, बंगालच्या उपसागरात.

तेव्हा आवटी कॅप्टन होते, ‘आयएनएस कामोर्ता’वर. निकोबारमधल्या बेटाचं नाव ल्यालेली ही सोव्हिएत बनावटीची, पाणबुडीविरोधी नौका. तिच्यावर कामगिरी होती विक्रांतच्या सोबतीची. विक्रांत ही आपली तेव्हाची एकमेव विमानवाहू नौका आणि तिचा एक बॉयलर तडकलेला. वेग मंदावलेला. अशा जहाजाच्या अवतीभवती पाणबुडीचा माग काढत फिरायचं म्हणजे काय, याचा विचार करा. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. फक्त ऐकायचं. आणि ऐकण्यात चूक झाली तर शेकडो माणसं तळाला.

4 डिसेंबरला विक्रांतच्या विमानांनी कॉक्स बझार आणि चितगावावर हल्ले चढवले. नाकेबंदी आवळत गेली. सुरुंग पेरलेल्या पाण्यात आवटींनी नौका आत घातली आणि शत्रूची तीन जहाजं ताब्यात घेतली. त्यासाठी त्यांना वीरचक्र मिळालं.

पुढे ते नौदलाच्या पश्चिम कमांडचे प्रमुख झाले आणि 1983 मध्ये निवृत्त झाले. मधल्या काळात, 1978 मध्ये, मुंबईत त्यांनी मेरीटाइम हिस्ट्री सोसायटी उभी केली. या देशाला आपला सागरी इतिहास माहीत नाही, ही त्यांची खंत होती. आणि ती खंत आपल्यालाही लागू आहे. आपण गडांवर जातो, बुरूज मोजतो. ज्या गलबतांच्या जोरावर सिंधुदुर्ग उभा राहिला, त्यांच्या बांधणीबद्दल आपल्यापैकी किती जणांना चार वाक्यं सांगता येतील?

(दृश्य: गोवा. दिवाडी बेट. फेरीबोट मांडवी ओलांडते आहे.)

आता त्या प्रश्नाकडे येऊ.

‘तृष्णा’ नावाच्या नौकेतून लष्कराच्या अभियंत्यांची तुकडी 1985 ते 87 या काळात जगाला फेरी मारून आली होती. पण तुकडीनं. एकट्यानं जाणं ही वेगळीच गोष्ट. तिचे नियमही कडक. किमान 21,600 सागरी मैल. विषुववृत्त ओलांडायचं. सुएझ किंवा पनामा कालव्याची जवळची वाट नाही. दक्षिणेच्या वादळी पट्ट्यातून केप हॉर्नला, म्हणजे दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, वळसा. झोप तुकड्या-तुकड्यांनी, कारण सुकाणूवर दुसरं कुणी नसतं.

आवटींनी हा विचार नौदलाच्या गळी उतरवला. 2006 मध्ये कमांडर दिलीप दोंदे पुढे आले. ते मूळचे पाणबुडे, डायव्हर. एकट्यानं महासागर ओलांडण्याचा अनुभव त्यांना नव्हता. आवटींच्या ओळखीतून ते इंग्लंडला सर रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे शिकायला गेले. हा दुवा मला फार मोलाचा वाटतो. कारण 1969 मध्ये एकट्यानं, कुठेही न थांबता जग फिरून आलेला हा पहिला माणूस ज्या ‘सुहैली’ नौकेतून गेला, ती सागवानाची नौका मुंबईच्या सुतारांनी बांधली होती. नौका आपली होती. आता खलाशीही आपला हवा होता.

नवी नौका दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या गोदीत बांधली गेली. छपन्न फुटांची. नाव म्हादई. जी नदी गोव्याची आई, तीच.

19 ऑगस्ट 2009. नारळी पौर्णिमा होऊन दोनच आठवडे झालेले, पावसाळा अजून अंगात. दोंदे मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन या चार बंदरांवर थांबत मे 2010 मध्ये ते परत आले. एकट्यानं पृथ्वी फिरलेला पहिला भारतीय.

पण आवटींच्या प्रश्नात ‘न थांबता’ हे शब्दही होतेच. ते पूर्ण केले नौदलाच्याच अभिलाष टॉमींनी. त्याच म्हादईतून, नोव्हेंबर 2012 ते मार्च 2013. सलग 151 दिवस, पायाखाली जमीन नाही. तेव्हा आवटी 85 वर्षांचे होते.

2017 मध्ये दांडेकरांच्याच गोदीतल्या ‘तारिणी’वर सहा महिला अधिकारी निघाल्या, वर्तिका जोशींच्या नेतृत्वाखाली. मे 2018 मध्ये त्या गोव्याला परतल्या.

(दृश्य: खवळलेला समुद्र. आवाज फक्त वाऱ्याचा.)

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये टॉमी पुन्हा एकटे होते, गोल्डन ग्लोब या एकट्यानं, न थांबता जग फिरण्याच्या शर्यतीत, सुहैलीच्या धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’वर. हिंदी महासागराच्या दक्षिण टोकाकडे वादळानं डोलकाठी मोडली. पाठीच्या मणक्याला जबर इजा झाली. तीन दिवस ते नौकेत पडून होते. 24 सप्टेंबरला फ्रेंच जहाज ‘ओसिरिस’नं त्यांना उचललं.

4 नोव्हेंबर 2018 रोजी आवटी गेले. वय 91.

टॉमी पुन्हा उभे राहिले. सप्टेंबर 2022 मध्ये त्याच शर्यतीत उतरले आणि एप्रिल 2023 मध्ये दुसरे आले. ऑक्टोबर 2024 मध्ये तारिणीवरून दिलना के. आणि रूपा ए. या नौदलाच्या दोघीच अधिकारी जगाच्या फेरीला निघाल्या. मे 2025 मध्ये त्या गोव्यात पोहोचल्या, तेव्हा मान्सून कोकणात दाखल झालेला होता.

(दृश्य: विंचुर्णी. संध्याकाळ. पश्चिमेकडून वारा.)