मेलिऑइडोसिस: आठवला तरच सापडणारा आजार

आपल्यापैकी अनेक डॉक्टरांनी मेलिऑइडोसिसचा रुग्ण पाहिलेला असेल, फक्त केसपेपरवर दुसऱ्याच आजाराचं नाव लिहिलं गेलं असेल. मधुमेह असलेला, मातीत-चिखलात काम करणारा मध्यमवयीन माणूस पावसाळ्यात ताप-खोकला घेऊन येतो. न्यूमोनियाची नेहमीची औषधं सुरू होतात, उतार पडत नाही. थुंकीत क्षयाचे जंतू मिळत नाहीत, पण एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसते, म्हणून टीबीचे उपचार लागतात. आणि तो माणूस हातचा जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण योग्य औषध उपलब्ध असतं.

या आजाराचा जंतू बर्खोल्डेरिया सुडोमलाय. तो उष्ण प्रदेशातल्या ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहतो. त्वचेवरच्या जखमेतून, वादळी पावसात श्वासावाटे किंवा न उकळलेल्या पाण्यातून तो शरीरात शिरतो. रंगूनमध्ये (आताचं म्यानमारमधलं यांगून) व्हिटमोर आणि कृष्णस्वामी या डॉक्टरांनी १९१२ मध्ये याचं पहिलं वर्णन प्रसिद्ध केलं. म्हणजे आजार नवा नाही. २०१६ च्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १,६५,००० लोकांना तो होतो आणि ८९,००० दगावतात. त्या अंदाजात सर्वांत मोठा वाटा दक्षिण आशियाचा आहे, आणि नोंदी मात्र तुटपुंज्या.

लागण झाल्यापासून साधारण १ ते २१ दिवसांत लक्षणं दिसतात. क्वचित जंतू वर्षानुवर्षं दबून राहतो. निम्म्या रुग्णांत न्यूमोनिया असतो. बाकीच्यांत काहीही असू शकतं: यकृतात किंवा पाणथरीत गळवं, सांध्यात पू, न भरणारी जखम, मुलांमध्ये कानाखालच्या लाळग्रंथीची सूज. पुरुष रुग्णात प्रोस्टेटमधलं गळू मुद्दाम शोधावं लागतं, म्हणून पोटाचं स्कॅन प्रत्येकाचं करा. मधुमेह, अति मद्यपान, मूत्रपिंडाचा जुना विकार, थॅलॅसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) यांपैकी काही असेल तर संशय आणखी वाढवा.

निदान कल्चरवरच, म्हणजे नमुन्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहण्यावरच होतं, आणि घोटाळाही तिथेच होतो. जंतू वाढतो, पण ‘स्युडोमोनास’ (वेगळाच एक जंतू) किंवा ‘बाहेरून मिसळलेला जंतू’ असा शेरा मारून रिपोर्ट बाजूला पडतो. स्वयंचलित यंत्रंही त्याला कधी कधी जवळच्या दुसऱ्या प्रजातीचं नाव देतात. एक खूण लक्षात ठेवा: ऑक्सिडेज-पॉझिटिव्ह ग्रॅम-निगेटिव्ह दंडाणू (प्रयोगशाळेच्या नेहमीच्या चाचण्यांत कळणारा काडीसारखा जंतू), जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या प्रतिजैविकांना दाद न देणारा, पण अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडला बळी पडणारा. असा रिपोर्ट दिसला की तिथेच थांबा. मलेशियातल्या सारावाकमध्ये जेंटामायसिनला दाद देणारे प्रकार सापडले आहेत, पण ते अपवाद.

रक्त, थुंकी, लघवी, पू आणि घशाचा स्वॅब, सगळं पाठवा. निरोगी माणसाच्या अंगावर हा जंतू सहसा वस्तीला नसतो, त्यामुळे यांपैकी एकाही नमुन्यात मिळाला तरी तो आजारच समजायचा. उलट एक कल्चर निगेटिव्ह आलं म्हणून सुटका नाही. कल्चर सुमारे ६० टक्के रुग्णांनाच पकडतं, तेव्हा संशय दाट असेल तर पुन्हा पाठवा. आणि पाठवताना प्रयोगशाळेला फोन करून संशय सांगा. म्हणजे ते हा जंतू वाढवण्यासाठी ॲशडाउनसारखं खास माध्यम वापरतील, प्लेट लवकर टाकून देणार नाहीत आणि जंतूपासून स्वतःलाही जपतील.

उपचाराचे दोन टप्पे. आधी शिरेतून सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम हे प्रतिजैविक, किमान १० ते १४ दिवस. खोल गळू असेल, हाडात किंवा मेंदूत पसरलं असेल तर ४ ते ८ आठवडे. सेफ्टाझिडीमने तीव्र आजारातले मृत्यू निम्म्यावर येतात, हे थायलंडमधल्या चाचणीने १९८९ मध्येच दाखवून दिलं. सेफ्ट्रिॲक्सोन या नेहमीच्या प्रतिजैविकावर भिस्त ठेवू नका. प्रयोगशाळेत ते चालतंय असं दिसलं तरी रुग्ण त्यावर जास्त दगावतात.

योग्य औषध सुरू असतानाही ताप उतरायला सरासरी ९ दिवस लागतात. हा काळ नातेवाइकांना आणि डॉक्टरांनाही अस्वस्थ करतो. नुसत्या तापामुळे चौथ्या-पाचव्या दिवशी औषध बदलायची घाई नको. त्याऐवजी निचरा न झालेला पू कुठे राहिलाय ते शोधा. सांधा धुवावा लागतो, प्रोस्टेटचं मोठं गळू रिकामं करावं लागतं. यकृत-पाणथरीतली बारीक अनेक गळवं औषधांनीच विरतात.

मग दुसरा टप्पा: को-ट्रायमोक्साझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्या, वजनानुसार, किमान ३ महिने. मेंदू किंवा हाड बाधित असेल तर ६ महिने. माणूस बरा दिसू लागतो, कामावर जातो आणि गोळ्या सुटतात. आजार उलटण्याचं मोठं कारण हेच. सोबत फॉलिक ॲसिड द्या, रक्तपेशी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी तपासणी) आणि पोटॅशियम तपासत राहा. अंगावर पुरळ उठलं आणि औषध थांबवावं लागलं, तर उपचार मात्र थांबवू नका. डॉक्सिसायक्लिन किंवा अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिडवर उरलेले महिने पूर्ण करून घ्या.