२७ शब्द, ३८ राज्यं

(बंदुकीचा बार. धूर.)

एक बार उडाला. आता दुसरा उडवायला किती खटाटोप आहे तो बघा.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं लेक्सिंग्टन. १९ एप्रिल १७७५ ला इथले शेतकरी इंग्रज पलटणीसमोर उभे राहिले. दरवर्षी एप्रिलमध्ये गावकरी ती चकमक पुन्हा उभी करतात. बंदूक ठासणीची. कागदी काडतूस दातांनी फोडायचं, चिमूटभर दारूची रंजक भरायची, उरलेली नळीत ओतायची, वर गोळी, मग गज घालून ठासायचं. कसलेला शिपाई मिनिटाला तीन बार काढायचा.

अमेरिकेच्या घटनेत शस्त्रांच्या हक्काचं कलम लिहिलं गेलं तेव्हा घरोघरी होती ती ही असली बंदूक.

(चर्मपत्र. कॅमेरा हळूहळू जवळ.)

ते कलम इथे आहे, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात. त्या दालनात फोटो काढू देत नाहीत, म्हणून हे छायाचित्र त्यांचंच. शाई विटलीय. वरून चौथं कलम बघा. हो, चौथं. राज्यांकडे बारा दुरुस्त्या गेल्या होत्या, पहिल्या दोन तेव्हा अडकल्या आणि चौथी झाली दुसरी. १५ डिसेंबर १७९१. इंग्रजीत अवघे २७ शब्द. मराठीत सांगायचं तर: स्वतंत्र राज्याच्या सुरक्षेसाठी सुव्यवस्थित शिबंदी (नागरिकांचं सशस्त्र दल) आवश्यक असल्याने, शस्त्रं बाळगण्याच्या लोकांच्या हक्काला बाधा आणली जाणार नाही.

पूर्वार्धावर बोट ठेवलं तर हक्क शिबंदीचा. उत्तरार्धावर ठेवलं तर ज्याच्या त्याच्या घरचा.

(सर्वोच्च न्यायालयाच्या पायऱ्या.)

२००८ मध्ये इथे बोट उत्तरार्धावर पडलं. खटला डिक हेलर या सुरक्षारक्षकाचा, निकाल ५ विरुद्ध ४. घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवणं हा व्यक्तीचा हक्क ठरला. २०२२ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी तो हक्क उंबऱ्याबाहेरही आला. हेलर खटल्यात अल्पमतात राहिलेले न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी निवृत्तीनंतर, २०१८ मध्ये, सरळच लिहिलं: ही दुरुस्ती रद्द करा.

(बंदुकांच्या प्रदर्शनातलं टेबल. किमतीच्या चिठ्ठ्या.)

इथल्या गिऱ्हाइकांचं म्हणणं वेगळं. हक्क सरकारने दिलेला नाही, मग सरकारने तो काढायचा कसा? टेबलावर आहे एआर-१५, अर्धस्वयंचलित रायफल. तीस गोळ्यांचं मॅगझिन. गज लागत नाही.

(जुनी फीत. पिंपं फोडून दारू गटारात.)

अमेरिकेने एकदा घटनेत घातलेलं कलम काढूनही टाकलंय. १९१९ मध्ये दारूबंदी घटनेत आली, १९३३ मध्ये गेली. आपल्या भाषेत दोन्ही दारूच. बाटलीतली मोकळी करायला चौदा वर्षं पुरली. बंदुकीतलीचं गणित अवघड आहे. घटनेचं पाचवं कलम म्हणतं, काँग्रेसच्या, म्हणजे त्यांच्या संसदेच्या, दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं मिळवा, मग ५० पैकी ३८ राज्यांची मंजुरी आणा. तेरा राज्यांनी मान हलवली नाही की खेळ खलास, मग ती कितीही छोटी असोत. आपल्याकडे २०२३ पर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या. त्यांच्याकडे सव्वादोनशेहून अधिक वर्षांत २७. म्हणून तिथे घटनेचे शब्द तसेच राहतात आणि त्यांचा अर्थ नऊ न्यायमूर्ती बदलतात.

(टेक्सासमधलं युवाल्डी. चौकात २१ पांढरे क्रूस.)

२४ मे २०२२. शाळेतला गोळीबार. १९ मुलं, २ शिक्षिका.

(दहा सेकंद निवेदन नाही.)

(कॅलिफोर्नियाची राजधानी सॅक्रामेंटो. विधानभवनाचा घुमट.)

दुसरी वाटही पाचव्या कलमातच आहे. ३४ राज्यांनी मागणी केली तर घटनादुरुस्तीसाठी अधिवेशन बोलवावं लागतं. आजवर एकदाही बोलावलेलं नाही. २०२३ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी २८ वी दुरुस्ती सुचवली. बंदूक विकत घ्यायला वय २१, प्रत्येक खरेदीदाराची पार्श्वभूमी तपासणी, खरेदीनंतर हातात मिळेपर्यंत ठरावीक थांबा, युद्धात शोभतील अशा बंदुका सामान्यांना बंद. दुसरी दुरुस्ती मात्र जागच्या जागी. त्याच वर्षी याच इमारतीत अधिवेशनाच्या मागणीचा ठराव मंजूर झाला.

३४ पैकी हे पहिलं राज्य.