शांत वेळ कोणाच्या वाट्याला?

(मुंबईतल्या एका मराठी ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, लेंटच्या म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या दिवसांत झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

जय ख्रिस्त. पाळकसाहेबांनी विषय दिला ‘शांत वेळ’, म्हणजे रोज देवापुढे एकट्याने बसायची वेळ, आणि बोलायला उभं केलं ते भर रस्त्यावरच्या या हॉलमध्ये. खिडक्या लावल्या तर उकडतं, उघडल्या तर बेस्टची बस आत येते. उघड्याच असू द्या.

आपल्या बऱ्याच घरांत एक कॅलेंडर असतं. निळं तळं, मागे डोंगर, धुकं, आणि खाली बायबलच्या शेहेचाळिसाव्या स्तोत्रातलं वचन: शांत व्हा, मीच देव आहे हे जाणा. मला त्या चित्राचं नेहमी नवल वाटतं, कारण ते स्तोत्र तळ्याकाठचं नाहीच. त्यात डोंगर समुद्रात कोसळताहेत, पाणी गर्जतंय, राष्ट्रं खवळलीत. देव धनुष्य मोडतो, भाला तोडतो, रथ जाळतो आणि त्यानंतर हे वचन येतं. हातघाईवर आलेल्यांना तो म्हणतोय, बस्स करा. त्या वचनावर दादरच्या पुलाचा संध्याकाळी सहाचा फोटो छापला तर जास्त शोभेल.

तेव्हा ‘मुंबईत कुठली आली शांतता’ ही सबब मला फारशी पटत नाही. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूचे शिष्य थकून परततात. माणसांची इतकी ये-जा की जेवायलाही सवड नाही. प्रभू म्हणतो, चला, एकांतात थोडा विसावा घ्या. होडीतून निघतात, तर लोक किनाऱ्याने धावत आधीच तिथे हजर! बेत फसला. प्रभू चिडत नाही, त्याला त्यांचा कळवळा येतो, तो शिकवत बसतो, पुढे पाच हजारांचं जेवण होतं. पण अध्याय तिथे संपत नाही. शिष्यांना होडीत बसवून, लोकांना निरोप देऊन तो एकटा डोंगरावर प्रार्थनेला जातो. दिवसाचा बुडालेला एकांत त्याने रात्री वसूल केला. आपण काय करतो? सकाळ हुकली की ‘आज राहिलं’ म्हणून मोकळे.

एलीया संदेष्ट्याकडे या. जुन्या करारातल्या पहिल्या राजे या पुस्तकाचा एकोणिसावा अध्याय. वारा, भूकंप, अग्नी आणि मग देवाची ती मंद वाणी. यावर उपदेश भरपूर झालेत. त्याआधीचा भाग मात्र घाईत वाचला जातो. ईजबेल राणीच्या धमकीने पळालेला हा माणूस झुडपाखाली बसून मरण मागतो आणि झोपी जातो. देवदूत येतो आणि उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ऊठ, खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा येऊन खाऊ घालतो. मंद वाणी होरेब डोंगरावर, खूप नंतर. विरारहून, अंबरनाथहून येणारी, प्रार्थनेला बसल्यावर डुलकी लागते म्हणून मनाला लावून घेणारी माणसं इथे असतील. तुम्हाला आधी झोप हवी आहे. ती घ्या.

आणि ती भाकर एलीयाने स्वतः भाजलेली नव्हती. मला जे सांगायचंय ते इथेच आहे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात प्रभू म्हणतो, खोलीत जा, दार लावून प्रार्थना कर. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात तिथे हे दार कोणतं? सकाळी पाण्याची वेळ, पिंप भरायचं, तीन डबे, कुकर, मुलाचा एक मोजा सापडत नाही. या धांदलीत खिडकीपाशी घरातला पुरुष बायबल घेऊन बसतो, आणि त्याची बायको मुलांना दटावते, “गप्प बसा, पप्पा प्रार्थनेत आहेत.” म्हणजे दार लावलं कोणी? तिने! आता सांगा, “हळू बोला, मम्मी प्रार्थनेत आहे,” हे वाक्य आपल्या किती घरांत ऐकू येतं? (हशा) हसताय, पण हसण्यात बायकाच जास्त आहेत.

यावर हमखास ब्रदर लॉरेन्सचं उदाहरण पुढे येतं. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात भटारखान्यात राबणारा, भांड्यांच्या खडखडाटातही देवाच्या सान्निध्यात राहणारा. माणूस थोरच. पण त्याचं नाव घेऊन बहिणींना ‘तुमचं स्वयंपाकघर हेच तुमचं मंदिर’ असं सांगू नका. त्याला मठातल्या प्रार्थनेच्या ठरलेल्या वेळा होत्याच. तुम्ही घरात आधी ती वेळ ठरवून द्या, मग लॉरेन्स सांगा.

पंधरा मिनिटं पुरतात. मागण्यांची यादी बाजूला ठेवा. एकच वचन घ्या. सिलिंडर, फी, सासूबाईंचं औषध हे सगळं आठवणारच. आठवलं की देवाच्या हवाली करा आणि वचनाकडे परत या, चिडू नका. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा म्हणतात. दुसरी खोली नसेल तर घरातल्या माणसाकडे द्या. आलेला फोन त्याने घ्यायचा आणि गॅसही त्यानेच बंद करायचा.

‘हे ध्यानबिन आपलं नव्हे, गोराईच्या पॅगोडातलं’ असं मला एकाने ऐकवलं. विपश्यना वेगळी, तिचा मान तिला. पण परमेश्वर आपल्या पवित्र मंदिरात आहे, सर्व पृथ्वी त्याच्यापुढे स्तब्ध राहो, हे बायबलमधला हबक्कूक संदेष्टा म्हणतो. तिसऱ्या शतकाच्या अखेरीस संत अंतोनी हा ख्रिस्ती साधू इजिप्तच्या वाळवंटात गेला तो याच ओढीने. आपण मात्र ‘मूक प्रार्थना करू या’ म्हणतो आणि कीबोर्डवाला लगेच हळूच वाजवायला लागतो.

म्हणून पाळकसाहेबांशी ठरवलंय. येत्या रविवारपासून उपदेशानंतर पाच मिनिटं कीबोर्ड बंद, माइक बंद. मूल रडलं तर रडू द्या. फक्त ते आईच्या मांडीवर नको, कारण तिलाही पाच मिनिटं हवीत. मुलं सांभाळायला दर रविवारी चार पुरुष लागतील. वही मागच्या टेबलावर आहे, जाताना नाव लिहून जा.