अपील न करणारा कैदी

(रुळांलगतची वस्ती, पहाट)
मुंबईच्या उपनगरांतली ही रुळांची कड. १९६५-६६ मध्ये अशाच वस्त्यांत १९ जणांवर रात्री हल्ले झाले, त्यांतले ९ दगावले. झोपडीत, फुटपाथवर, झोपेतच. १९६८ च्या पावसाळ्यात उत्तर उपनगरांत पुन्हा तेच सुरू झालं.

(जुन्या फाइली, ठशांचे कागद)
तपास क्राइम ब्रँचचे उपायुक्त रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे आला. ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी एकाला हटकलं. अंगात बुशशर्ट, खाली खाकी हाफपँट. बोटांचे ठसे जुन्या नोंदीशी जुळले. रामन राघव. मागच्या वेळीही तो हाती लागला होता, पुराव्याअभावी सुटला होता.

(कोर्टाचा जिना, लांब शॉट)
लोक ही गोष्ट अटकेपाशी संपवतात. आम्ही मात्र कॅमेरा या जिन्यावरच जास्त वेळ ठेवला.

१९६९ मध्ये सत्र न्यायालयात खटला उभा राहिला. कबुली होती. प्रश्न त्याच्या मनाचा होता. भारतीय दंड संहितेचं कलम ८४ सांगत होतं, नुसता मनोविकार असून भागत नाही. त्या विकारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे, हेच त्या क्षणी कळत नसेल, तरच माणूस गुन्हेगार ठरत नाही. पोलीस सर्जननं त्याला महिनाभराहून जास्त निरीक्षणाखाली ठेवलं आणि अहवाल दिला की आजार नाही. बचावाचे मनोविकारतज्ज्ञ म्हणाले, आहे आणि जुना आहे. कोर्टानं फाशी सुनावली.

त्यानं अपील केलं नाही. पण उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही. कैदी गप्प बसला तरी फाइल वर जातेच. कायद्यातली ही एक ओळ नसती, तर त्याच्या मनाकडे पुन्हा कोणी पाहिलंच नसतं. उच्च न्यायालयानं तीन मनोविकारतज्ज्ञांचं मंडळ नेमायला लावलं. पाच बैठका झाल्या, प्रत्येक सुमारे दोन तासांची. निदान झालं, पॅरानॉइड स्किझोफ्रेनिया, म्हणजे संशयाचे खोटे भ्रम खरे वाटायला लावणारा गंभीर मनोविकार. निघताना डॉक्टरांनी हात पुढे केला, तर त्यानं हात दिला नाही. आपण कायद्याचे प्रतिनिधी, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवणार नाही, असं तो म्हणाला.

(येरवडा कारागृहाची भिंत)
फाशीची जन्मठेप झाली. १९९५ मध्ये किडनीच्या आजारानं ससून रुग्णालयात तो वारला.