आजी, आज तारीख किती?

मंडळी, पत्रिकेत विषय छापलाय ‘स्मृतिभ्रंश आणि मराठवाडा’. पण आधी मला माझ्या आत्याबद्दल सांगू द्या. माझं म्हणणं तिच्यापासूनच सुरू होतं.

आत्या निजामाच्या राज्यात जन्मली. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो तेव्हा ती सात-आठ वर्षांची. शाळा लांब, वरचं शिकायचं तर उर्दूतून, आणि पोरीला शाळेत घालावं हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. अक्षरओळख झालीच नाही. पण भावकीतल्या सगळ्या सोयरिकी तोंडपाठ. 72 च्या दुष्काळात तिच्यासोबत खडी फोडायला कोण कोण होत्या, ते ती नावानिशी सांगायची.

ऐंशीला टेकल्यावर एकदा चक्कर आली म्हणून शहरातल्या एका दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टरांनी विचारलं, “आजी, आज तारीख किती?”

“तारीख नाही ठाऊक बाबा. आज दशमी, उद्या एकादशी. मला उपास हाय.”

शून्य गुण.

“शंभरातून सात गेले, किती राहिले?”

“शंभर काय? तुरीच्या पायल्या का रुपये?”

हसलात ना? मीही हसलो होतो. मग तिला एक वाक्य वाचायला दिलं. तिनं कागद उलटासुलटा करून माझ्याकडं सरकवला. निकाल लिहिला, स्मृतिभ्रंश. तिथी बरोबर सांगणाऱ्या बाईला! तिला शाळा मिळाली नाही, त्याचे गुण कापले, एवढंच त्या कागदावर खरं होतं.

दुखणं खरंच आलं ते तीनेक वर्षांनी, आणि तेव्हा आम्ही कुठंच नेलं नाही. तव्यावर भाकरी टाकली की वरून पाणी फिरवायचं. सत्तर वर्षांची हाताची सवय. ते पाणी राहायला लागलं. पीठ तसंच पांढरं, भाकरीला भेगा. सून म्हणाली, “आत्याबाईंचा हात चुकायलाय.” आम्ही म्हणालो, साठी बुद्धी नाठी. या म्हणीचा मला फार राग आहे. तिच्या आडोशाला आपण आजार झाकतो. कानानं कमी ऐकू यायचं, मोठ्यानं बोलायचा कंटाळा, म्हणून आम्ही तिच्याशी बोलणंच कमी केलं. ते माझ्या मनातून जात नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिलीत. भराभर सांगतो.

2023 मध्ये छापून आलेल्या देशपातळीवरच्या पाहणीचा अंदाज असा: साठीपुढच्यांत 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख माणसांना स्मृतिभ्रंश. बायकांत 9 टक्के, पुरुषांत 5.8. खेड्यात 8.4, शहरात 5.3. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2024 मध्ये टाळता येण्याजोगी 14 कारणं दिली. ती दूर झाली तर जगातले 45 टक्क्यांपर्यंत रुग्ण टळतील किंवा आजार उशिरा येईल. त्यात कमी शिक्षण, बहिरेपण, बीपी, साखर, एकटेपणा आहे. आता बीडकडचं गाव डोळ्यांपुढं आणा. दिवाळीच्या सुमारास लेक-सून कोयता घेऊन कारखान्याकडं जातात, घरी म्हातारी आणि नातवंडं. भाकरीला पाणी राहिलं हे बघायला सूनच घरी नाही.

निरक्षरांसाठी वेगळी चाचणी आहे. हरियाणात बल्लभगढच्या खेड्यांसाठी ती केली होती. तीत वाचायला न देता सांगतात, माझ्याकडं बघा आणि मी करतो तसं करा. आपल्याकडं मोतीबिंदूची शिबिरं होतात. तिथंच कान आणि बीपी तपासा. तारीख विचारू नका, तिथी विचारा, आणि घरात स्वयंपाक कोण करतं तिला वेगळं बसवून विचारा, आजींचा हात कुठं चुकतो का.