दोनशे रुपये

नमस्कार, श्रोतेहो.

१९८६ साली बडोद्याच्या कलाभवनातून मी विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. वर्गातला एक मित्र आणि मी, दोघंही ट्रान्सफॉर्मरच्या एकाच कारखान्यात, एकाच दिवशी, टेस्टिंगला रुजू झालो. सहा महिन्यांनी त्याला स्कूटर घ्यायची होती. क्रेडिट सोसायटीच्या कर्जासाठी मी जामीन राहिले. अर्जाला दोघांच्या पगाराच्या स्लिपा जोडायच्या होत्या. माझा मूळ पगार १,८०० रुपये, त्याचा २,०००. आम्ही दोघंही त्या कागदांकडे बघत राहिलो.

मुलाखतीत त्याला विचारलं होतं, "अपेक्षा किती?" मला विचारलं होतं, "लग्नाचं काय ठरलंय?" पैशाचं आपण होऊन बोलू नये, अशी दांडिया बाजारातल्या आमच्या घरची शिकवण. मी बोलले नाही.

दोनशे रुपये म्हणजे काय मोठंसं, असं आईसुद्धा म्हणाली. पण पगारवाढ टक्क्यांत मिळते. दोघांना दरवर्षी अगदी सारखी ८ टक्के वाढ मिळाली असं धरा. वीस वर्षांनी त्या दोनशेचे ९३२ होतात, तेही दर महिन्याला. कोणी नव्यानं अन्याय केलेला नसतो. पहिल्या दिवशीचा आकडाच वाढत जातो.

त्यात रात्रीची गोष्ट वेगळी. ट्रान्सफॉर्मर पूर्ण भारावर किती तापतो, ही चाचणी तापमान स्थिर होईपर्यंत तासन् तास चालते. संध्याकाळी लावली की रात्र जागवावी लागते. १९४८ च्या कारखाने कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर कारखान्यात काम करायला मनाई होती. हेतू संरक्षणाचा होता, मान्य. पण रिडिंग मी सुरू करायची आणि सातच्या आत घरी जायचं. रात्रीचा भत्ता त्याला, अहवालावर सही त्याची, ग्राहकाच्या माणसांशी ओळख त्याची. बढतीच्या वेळी साहेब म्हणाले, "तुम्हाला पूर्ण चाचणीचा अनुभव नाही." तो अनुभव मला घेऊच दिला नव्हता, हे त्या खोलीत कोणाला सुचलं नाही. मला सुचलं, पण घशाशी आलेले शब्द मी गिळले. त्याची खंत आजही आहे.

आणि हे बडोद्यात! मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात 'सर्व पुरुष' न म्हणता 'सर्व मानव' म्हणावं, असा आग्रह धरणाऱ्या हंसा मेहता १९४९ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरू झाल्या. १९४८ च्या त्याच जाहीरनाम्याच्या २३ व्या कलमात समान कामाला समान वेतन लिहिलेलं आहे. आपल्या देशात समान वेतनाचा कायदा १९७६ मध्ये आला. मी नोकरीला लागले तेव्हा त्याला दहा वर्षं झाली होती, आणि मला तो ठाऊकही नव्हता.

आता मुलींना सांगतात, "मागायला शिका." शिकावंच. पण दोष सगळा त्यांच्या गप्प राहण्यावर टाकू नका. अमेरिकेत येल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ मध्ये विज्ञानाच्या १२७ प्राध्यापकांना प्रयोगशाळेतल्या एका नोकरीचा अर्ज दाखवला. अर्ज एकच, अक्षर न् अक्षर तोच. निम्म्यांना उमेदवाराचं नाव जॉन दिसलं, निम्म्यांना जेनिफर. जॉनला सरासरी ३०,२३८ डॉलर वार्षिक पगार सुचवला गेला, जेनिफरला २६,५०८. जेनिफर कमी मागून बसली नव्हती, तिनं तोंडच उघडलं नव्हतं. आणि तिला कमी लेखण्यात स्त्री प्राध्यापकही मागे नव्हत्या. हे वाचून मी माझ्या हाताखाली घेतलेल्या मुलींचे पगार मनात पुन्हा तपासले.

मित्र आणि मी २०२२ मध्ये एकत्रच निवृत्त झालो. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर ठरते, नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. आपला हिशेबाचा कागद त्यानं आपण होऊन माझ्यापुढे सरकवला. तो काही बोलला नाही.

मकरपुऱ्यात, नंदेसरीत कारखाने चालवणारे, माणसं नेमणारे श्रोते आता ऐकत असतील. तुम्हाला माझी विनंती आहे. जागेची जाहिरात देताना पगाराचा आकडा तिच्यातच छापा. आणि समोर बसलेल्या मुलीला "आधी किती मिळत होते?" हे विचारू नका. आधीच्या ठिकाणी ती कमीवर लागली असेल, तर तुमच्याकडेही ती तोच कमी आकडा घेऊन येते.

नमस्कार.